मित्राचा फोटो लाडवांखाली

"झाडू सोडून काहीही शिकवा," शेवंताबाई म्हणाली.

माझ्या टेबलासमोर उभी होती. बसा म्हटलं तर म्हणाली, कामावरून तशीच आलेय, खुर्ची खराब होईल. साडीवर नगरपालिकेचा खाकी शर्ट, चपलेचा अंगठा तुटलेला. शेजारी तिची मुलगी संघमित्रा. शाळा तिला मित्रा म्हणायची, कारण अख्खं नाव घ्यायला आमच्या जिभा जड व्हायच्या. मित्रा माझ्या पर्सकडे टक लावून होती. त्या पर्सचं बटण टक् करून उघडायचं, टक् करून मिटायचं, आणि त्या आवाजाचा तिला भारी नाद होता.

मी शेवंताबाईला समजावलं की शाळेत प्रत्येक मुलाची क्षमता बघून काम देतात. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाडू तर मी घरी शिकवीन तिला. मला माझ्या सासूनं शिकवला. तिला कुठं डिप्लोमा लागला?"

माझा डिप्लोमा माझ्या डोक्यावर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत होता.

याला सोळा वर्षं झाली. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची आणि मनात अगं-तुगं. इथं मनातलंच लिहितेय.

*

विद्यार्थिनीचे नाव: संघमित्रा शेवंता बनसोडे.
वय: सतरा वर्षे सात महिने.
कौशल्य क्षेत्र: स्वच्छता.
शेरा: कामाची आवड आहे.

अक्षर माझं. तालुक्याच्या गावातली आमची मतिमंद मुलांची शाळा. एकेचाळीस मुलं, त्यातली मोठी चौदा माझ्या वर्गात. त्यांना हाताला काम शिकवायचं, म्हणजे पुढे कुठंतरी ती उभी राहतील. कामं चार होती. मेणबत्त्या, कागदी पाकिटं, शेंगदाण्याचे लाडू आणि स्वच्छता कौशल्य. 'स्वच्छता कौशल्य' हा शब्द माझा. नुसतं 'संडास धुणे' लिहिलं तर तपासणीत वाईट दिसलं असतं.

स्वच्छता कौशल्यात तीन मुलं होती. तिन्ही ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. योगायोग. हा योगायोग मी चार वर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

आवड आहे, हे कुणाला विचारून लिहिलं होतं?

(इथे एक वाक्य होतं: 'मला तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.' खोटं आहे. खोडलं.)

*

प्रश्न मे महिन्याचा होता. मे महिन्यात मित्रा अठरा वर्षांची होणार, आणि अठरानंतर आमच्या शाळेत राहता येत नाही. सोलापूरला अशा मुलींसाठी एक कार्यशाळा होती. राहायची सोय, दिवसभर चटण्या, पापड, लाडू, आणि त्याचा मेहनताना. तिथं प्रवेश आमच्या अहवालावर मिळायचा. अहवालात एकच ओळ महत्त्वाची: मुख्य कौशल्य. तिथं 'स्वच्छता' लिहिलं की कागद परत यायचा. झाडायला त्यांच्याकडे माणसं होती.

म्हणजे माझ्या एका ओळीवर होतं, मित्रा सोलापूरला जाते की आईच्या मागं पहाटे गटारीवर.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. पाटणे सर. गुळगुळीत दाढी, खिशाला दोन पेनं, टेबलावर काचेखाली थोरामोठ्यांचे फोटो, सगळ्या जातींचे, समान अंतरावर. मित्राला लाडवांच्या खोलीत घेऊ या का, विचारलं.

"बाई, माझं काही नाही हो," सर म्हणाले. "मी असलं काही मानत नाही. माझ्या लग्नात जेवणावळीला सगळे होते. पण लाडू गावात जातात. उद्या दुकानदारानं विचारलं, कुणी वळले, तर काय सांगू?"

मी म्हटलं, कोण विचारतंय. सर म्हणाले, कोण विचारत नाही. मग दुसरं कारण काढलं: तिच्या हाताला घाम येतो.

लाडवांच्या खोलीत सरांचा पुतण्या ऋतुराज होता. सतरा वर्षांचा, गुबगुबीत, जगावर खूश. प्रत्येक लाडू वळला की तळहात चाटायचा आणि मगच पुढचा घ्यायचा. त्याच्या अहवालात मी लिहिलं होतं: गुणवत्ता तपासण्याची जाण आहे.

*

त्याच महिन्यात मुंबईच्या एका संस्थेनं आमच्यावर कृपा केली. 'भेदभावमुक्त विशेष शाळा' असं प्रमाणपत्र ते देणार होते. आधी प्रशिक्षण, मग पाहणी, मग फोटो.

प्रशिक्षणाला शर्वरी मॅडम आल्या. खादीचा कुडता, गळ्यात लाकडी मणी, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. त्यांनी आम्हा अकरा शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून केळी खायला लावली. कशासाठी, तर अपंगत्व आतून कळावं. केळी खाऊन आम्हाला ते कळलं. मग पडद्यावर चित्रं सुरू झाली. भेदभावाचे चौदा प्रकार. लिंग, भाषा, वय, दिसणं, चष्मा. आठव्या चित्राला चहा आला. चहानंतर मॅडमनी दहावं लावलं. नववं राहिलं, असं मीच म्हणाले. मॅडमनी मागे जाऊन बघितलं, नवव्या चित्रावर 'जात' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "हं, ते आपल्याकडे आता तितकंसं उरलं नाही, नाही का?"

पाटणे सर म्हणाले, "आमच्याकडे तर नाहीच."

अकरा माना हलल्या. बारावी सरांची. माझीही त्या अकरांत होती, मोजायला सोपं जावं म्हणून सांगते.

*

आता फलकाबद्दल. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या मुलांना तोंडी सांगितलेलं टिकत नाही. चित्र टिकतं. म्हणून व्हरांड्यात एक फलक होता. डावीकडे मुलाचा फोटो, त्याच्यासमोर कामाचं चित्र. मेणबत्ती, पाकीट, लाडू, झाडू. दहाची घंटा झाली की मुलानं फलकावरून आपला फोटो काढायचा, चित्रातल्या जागी जायचं, तिथल्या पाटीवर फोटो चिकटवायचा आणि कामाला लागायचं. एवढं शिकवायला मला दोन वर्षं लागली. रडून, रुसून, जमिनीवर लोळून झाल्यावर चौदाही जणांना एक गोष्ट पक्की कळली: फलकावर आहे ते खरं. बाई नसल्या तरी खरं, सर ओरडले तरी खरं.

पाहणीच्या दोन दिवस आधी सरांनी नवा फलक करायला सांगितला. वर कामाचं चित्र, खाली मुलांचे फोटो, सगळ्यांना आलटून पालटून सगळी कामं. "मित्राचा फोटो लाडवांखाली लावा," म्हणाले. "आणि आमच्या ऋतूला झाडूखाली. मुख्याध्यापकाचा पुतण्या झाडू मारतो, छान दिसेल."

मी विचारलं, "मग मुलं तशीच कामं करतील?"

सरांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "फलक हो, बाई. कामं नेहमीचीच. फलक बघायला असतो."

मी रंगीत कार्डशीट आणली, कात्री घेतली, घोटून अक्षरं काढली. सकाळी घाई नको म्हणून आदल्या संध्याकाळीच जुना फलक उतरवून नवा टांगला. विशेष शिक्षणाचा डिप्लोमा असलेली मी आणि एकवीस वर्षं विशेष शाळा चालवलेले सर. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सकाळी मुलंही फलक बघतील.

*

गुरुवार. दहाची घंटा.

मी फाटकाशी होते, हातात गुलाबाची फुलं, पाहुण्यांची गाडी वळणावर. आत आलो तेव्हा व्हरांड्यातून ऋतुराज येत होता. एका हातात बादली, दुसऱ्यात खराटा, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याला जन्मभर पाण्यात खेळायचं होतं आणि कुणी खेळू दिलं नव्हतं. "काका, संडास," तो सरांना आनंदानं म्हणाला आणि पुढं गेला. शर्वरी मॅडमनी हात छातीवर ठेवला. बरोबरच्या छायाचित्रकारानं फोटो काढला. सरांनी काढू दिला. दुसरं काय करणार होते?

मला तिथंच कळलं. मी लाडवांच्या खोलीकडे जवळजवळ पळाले.

दारात स्वयंपाकीण गोदाक्का उभी, हातात उलथणं, चेहरा असा की घरात साप निघालाय. आत पाटावर मित्रा बसलेली. डोक्याला पांढरी टोपी. पाटीवर तिचा फोटो, सरळ रेषेत चिकटवलेला. बेसिनवर साबण ओला होता. हात धुवायच्या नऊ पायऱ्या मी तिला संडासानंतरसाठी शिकवल्या होत्या, त्या नऊही तिनं केल्या होत्या.

समोर परातीत कुटलेले शेंगदाणे, गूळ, वेलदोडा. छोटी वाटी भरायची, काठावरून बोट फिरवायचं, हातावर उलटी करायची, पाच वेळा वळायचं, ताटात ठेवायचं. पुन्हा वाटी. लाडू सगळे एका मापाचे. ऋतुराजचे लाडू आवळ्यापासून मोसंब्यापर्यंत असायचे.

"कुणी शिकवलं हिला?" गोदाक्का माझ्या कानात म्हणाली.

कुणीच नाही. दोन वर्षं ती या खोलीचा उंबरठा पुसत होती. उंबऱ्याच्या बाहेर बसून, आत न येता. पुसायला दोन मिनिटं लागतात, ही वीस मिनिटं लावायची, म्हणून मी तिच्या अहवालात लिहिलं होतं: कामाचा वेग कमी आहे.

"उठवा की तिला," गोदाक्का म्हणाली. "साहेब लोक येतायत."

मी उठवलं नाही. इथे वाचणाऱ्याला माझा चांगुलपणा दिसेल तर तसं काही नव्हतं. पाहुणे पाठीशी येऊन पोचले होते.

शर्वरी मॅडम तिच्याशेजारी चक्क जमिनीवर बसल्या. नाव विचारलं. मित्रानं वाटी भरली. पुन्हा विचारलं. "संघमित्रा," ती म्हणाली, अख्खं, आणि काठावरून बोट फिरवलं. छायाचित्रकारानं सरांना तिच्या मागं उभं केलं. सर हसले. दातांवर ऊन पडलं होतं.

मग ताट फिरलं. मित्रानंच फिरवलं. 'पाहुण्यांना देणे' ही लाडवांच्या कामातली शेवटची पायरी होती, तीही तिनं उंबऱ्यावरून बघून ठेवलेली. मॅडमनी खाल्ला. छायाचित्रकारानं दोन खाल्ले. ताट सरांसमोर आलं.

"आज संकष्टी माझी," सर म्हणाले.

"अहो, शेंगदाणा-गूळ चालतो की उपासाला," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच मदत करायची होती.

सरांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "डॉक्टरांनी गूळ बंद केलाय."

गोदाक्कानं घेतला आणि मांजरीनं पिल्लू उचलावं तसा दोन बोटांत धरून आत गेली. परत आली तेव्हा हात मोकळा होता आणि तोंड हलत नव्हतं. मला हसू आलं. त्या दोघांचा मला किती तिरस्कार आला, काय सांगू. चारचौघांत आपण बरे आहोत हे कळायला असले दोघे समोर लागतात. ताट माझ्यासमोर आलं, मी लाडू घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, "वा, मित्रा."

*

प्रमाणपत्र तिथंच मिळालं. शनिवारी पेपरात फोटो आला: पुढं मित्रा, तिच्या हातात लाडू, मागं सर. खाली दोन ओळी, सरांच्या दूरदृष्टीविषयी.

शुक्रवारी सकाळी जुना फलक परत टांगला. टांगायला मीच होते, स्टूल धरायला गोदाक्का. दहाची घंटा झाली. मित्रा फलकासमोर आली. आपला फोटो बघितला, समोरचा झाडू बघितला. फोटो काढला नाही. बोटानं झाडूचं चित्र सोललं, माझ्या हातात दिलं आणि उभी राहिली. वेलक्रोचा आवाज झाला तेवढाच. सर म्हणाले, हट्टीपणा वाढलाय, अहवालात नोंद करा.

उरलेले लाडू, ताटभर, सरांनी त्यांच्या गाईला घातले. गाईला चालतं.

*

सोमवारी अहवाल द्यायचा दिवस. शेवंताबाई आली, तोच खाकी शर्ट. या वेळी खुर्चीवर बसली. हातात पेपराचं कात्रण, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पाडता ठेवलेलं. ते तिनं टेबलावर पसरलं आणि तळहातानं सरळ केलं. मित्रा तिच्या पाठीशी उभी.

"चांगलं आलंय हो, बाई," ती म्हणाली. "चौकातल्या टपरीवाल्यानं मला बोलावून दाखवलं. शेवंता, तुझी पोरगी. म्हटलं हो, माझीच. लाडू चांगले झाले होते?"

"छानच झाले होते," मी म्हणाले.

"तुम्ही खाल्ला?"

"म्हणजे काय. खाल्ला की."

अहवालाचा कागद माझ्यासमोर होता, मुख्य कौशल्याची ओळ कोरी. सरांनी सकाळी सांगितलं होतं, स्वच्छताच लिहा, एका दिवसाच्या नाटकावर प्रमाणपत्रं देत बसलो तर झालं. मी शेवंताबाईला म्हटलं, बघू, एका दिवसात कौशल्य सिद्ध होत नाही, नियम असतात, सोलापूरवाले विचारतील.

शेवंताबाईनं ऐकून घेतलं. तिची ऐकून घ्यायची एक पद्धत होती, गटारीचं झाकण उचलून आत बघावं तशी.

मग मुलीकडे वळली आणि सहज, लेकीच्या हुशारीचं मला दाखवावं म्हणून, तिनं विचारलं, "मित्रा, बाईंचा लाडू कुठाय गं?"

'कुठे' हा प्रश्न मित्राला मी शिकवला होता. सहा महिने. चेंडू कुठे आहे? पेटीत. चमचा कुठे आहे? ताटात. त्या प्रश्नाला ती कधी चुकायची नाही. तिच्या अहवालातली ती माझी सगळ्यात अभिमानाची नोंद.

"पर्स," मित्रा म्हणाली.

मित्राला वाटलं असावं, उत्तर कमी पडलं. ती टेबलाला वळसा घालून आली, माझ्या खुर्चीला अडकवलेली पर्स घेतली. टक्. आत हात घालून माझा रुमाल काढला. निळी किनार, गाठ मारलेली. गाठ सोडली. लाडू एका बाजूनं चेपला होता. त्यावर चार दिवसांत माझ्या घराची किल्ली उमटली होती.

गुरुवारी मी 'वा, मित्रा' म्हटलं आणि मुलीसाठी घरी नेते असं पुटपुटत तो रुमालात बांधला. सगळे सरांकडे बघत होते. मित्रा पर्सच्या आवाजाकडे बघत होती. घरी नेला नाही. टाकलाही नाही. टाकला असता तर मी पाटणे सरांसारखी झाले असते, आणि मी त्यांच्यासारखी नव्हते. म्हणून चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते.

मी म्हणायला लागले की मला गोड, मला शुगर, घरात सासूबाई. तीन कारणं एका दमात सुरू झाली.

"राहू द्या, बाई," शेवंताबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "खायची सक्ती नाही कुणाला. लिहा तेवढं. लिहायला तर विटाळ होत नाही ना?"

मी पेन उचललं. मुख्य कौशल्य: खाद्यपदार्थ तयार करणे, लाडू, सर्व पायऱ्या स्वतंत्रपणे. अक्षर चांगलंच आलं; त्याची सवय होती. सोबत पेपराचं कात्रण जोडलं. सरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी ओळ वाचली, कात्रण बघितलं, त्यातले स्वतःचे दात बघितले. जे फोटोत करून झालं होतं ते कागदावर नाकारायचं कसं, हे त्यांना सुचेना. सही केली.

मित्रा जूनमध्ये सोलापूरला गेली. अजून तिथंच आहे. तिच्या हाताखाली आता चार मुली आहेत, आणि खोलीत कोण बसेल ते ती चित्रं लावून ठरवते, असं मला कुणीतरी सांगितलं. मी बघायला गेले नाही.

पण त्या सोमवारी, मी सही घेऊन परत आले तेव्हा दोघी अजून टेबलापाशी होत्या. मित्रा चेपलेला लाडू तळहातावर घेऊन वळत होती. पाच वेळा. किल्लीची खूण गेली, लाडू पुन्हा गोल झाला. तो तिनं आईपुढं धरला. शेवंताबाईनं घेतला आणि माझ्यासमोर, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग माझा रुमाल टेबलाच्या कडेशी नेऊन झटकला, चार घड्या घातल्या आणि माझ्यापुढं ठेवला.

"रुमाल तुमचा," ती म्हणाली.

तो मी त्या दिवशी घरी नेऊन धुतला. दोनदा.

हे वाक्य मी या कागदावर तीन वेळा खोडलं. आता राहू देते.